सदर मूल माझे नाही

ती घटना मी विसरलो असं कधी झालं नाही. विसरावी असं मात्र खूपदा वाटलं, कारण तिच्यात माझीच शोभा झाली होती. निवृत्त झाल्यापासून लोक भेटतात आणि म्हणतात, "साहेब, एखादी थरारक केस सांगा की." दरोडे सांगून झाले, पाठलाग सांगून झाले. ही एक केस सांगायची मी टाळत आलो. हिच्यात खून नाही, दरोडा नाही आणि शेवटी आरोपीही सापडत नाही.

मी तेव्हा सोलापूर स्टेशनच्या आवारातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. नोकरीची दोन-तीन वर्षं उरली होती. स्वभाव तापट. हाताखालची मंडळी पाठीमागं मला 'भट्टी' म्हणायची, ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि वारा कमी, आवाज जास्त करणारा एक कूलर. दर गाडीमागं काहीतरी लचांड असायचंच. कुणाचं पाकीट मारलं, कुणाची बॅग डब्यात राहिली, कुणी बायकोशी भांडून मधेच उतरून गेला. स्टेशन डायरी लिहिणाऱ्या अंमलदाराला मान वर करायला सवड नसायची.

त्या दिवसांत आणखी एक ताप होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. कुठल्यातरी दुसऱ्याच मुलखातला जुना व्हिडिओ आणि त्याखाली 'सोलापूरकरांनो, सावध राहा' असं लिहिलेलं. लोक कुणावरही धावून जायचे. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका, बहुरूपी, भांडीवाल्या, कुणाचीच खैर नव्हती. आम्ही भोंग्यावरून ओरडून सांगत होतो की, अफवांवर विश्वास ठेवू नका. सांगता सांगता माझाच त्यावर थोडाथोडा विश्वास बसायला लागला होता, हे तेव्हा मला कळलं नाही.

सकाळी दहाच्या सुमारास फलाटावर शेंगा विकणाऱ्या एकाचा फोन आला. हा माणूस आमचा जुना खबऱ्या. एरवी फोनवर कुजबुजणारा, त्या दिवशी ओरडत होता.

"सायेब, पुण्याच्या गाडीत पोर पळवणारी बाई घावलीय! लवकर या, लोक हाणत्यात तिला!"

मी चार माणसं घेऊन पळत सुटलो. गाडी फलाटाला लागलेली, सुटायला दहाएक मिनिटं होती. एका डब्याच्या दारात ही गर्दी. निम्म्या लोकांचे हात वर, हातात मोबाईल. मधोमध साठीच्या पुढची एक बाई, नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि छातीशी घट्ट धरलेलं सहा-सात महिन्यांचं मूल. तिची बोचकी फलाटावर विस्कटली होती. कुणीतरी तिच्या अंबाड्याला हात घातलेला, केस सुटून पाठीवर आलेले. ती स्वतःला वाचवत नव्हती. दोन्ही हात मुलाभोवती आणि मान त्याच्यावर झुकवलेली. मी दोघातिघांना काठीनं मागं सारलं आणि तिला मध्ये घेऊन बाहेर काढलं. या झटापटीत तिचा मोबाईल गाडीच्या खाली रुळावर पडून फुटला होता, हे पुढं कळलं.

काय झालं होतं, ते एका तरुण प्रवासी बाईनं सांगितलं. ती शेजारच्या बाकावर बसली होती. बाळ रडायला लागलं, म्हणून तिनं हौसेनं घेतलं. अंगात गुलाबी फ्रॉक, पायात पैंजण, नाकात बारीकशी चमकी. "किती गोड मुलगी" असं म्हणत तिनं ओलं लंगोट बदलायला घेतलं आणि बघते तर काय, मुलगा! मुलाला मुलीचं सोंग देऊन ही कुठं चालली? बाईनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं डब्याला सांगितलं आणि डब्यानं मोबाईलला. शिवाय म्हातारीच्या पिशवीत बाळाच्या दुधाच्या पावडरीचा महागडा डबा होता. अंगावर धुवून विरलेलं लुगडं आणि पिशवीत हा डबा, हे मलाही खटकलं.

तिला ठाण्यात आणलं. तिनं खुर्ची नाकारली आणि फरशीवर मांडी घालून बसली. बाळाला पाळण्यात निजवावं तसं मांडीवर आडवं घेतलं. माझ्यासोबत बार्शीकडची एक महिला हवालदार होती. बोलायला कमी, नजर तिखट. तिला मी पंच बोलवायला आणि बाळाला दूध करायला सांगितलं आणि चौकशी सुरू केली.

"नाव?"

तिनं सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं. मंगळवेढा तालुक्यातलं एक लहान गाव.

"हे मूल कुणाचं?"

"माजं."

"तुझं? वय काय तुझं?"

"आसंल की साठ-पासट."

"साठाव्या वर्षी मूल झालं तुला?"

"झालं कुटं म्हनते मी? इकत घेतलंय."

डायरी अंमलदाराचं पेन जागच्या जागी थांबलं. मी पुढं सरसावलो.

"कुणाकडनं?"

"एका बाईकडनं."

"कोण बाई?"

"त्ये सांगायचं नसतंय."

"काय दिलंस तिला?"

"ज्ये द्यायाचं त्ये दिलं."

"आणि कुठं घेऊन चाललीस?"

"पुन्याला. मोट्टी बिल्डिंग हाय. लिप्टची."

"कुणाच्या घरी?"

त्यावर ती खाली बघून बाळाच्या कपाळावरचे केस मागं करत राहिली.

आता वाचकांनीच सांगावं, माझ्या जागी दुसऱ्या कुणी काय समजलं असतं? मुलगा, मुलीच्या वेषात. एका बाईकडून विकत घेतलेला. पुण्यातल्या बड्या इमारतीत नेऊन पोचवायचा. गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. माझ्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा फौजदार संचारला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमीसुद्धा मी मनातल्या मनात वाचून टाकली.

तरी पद्धत म्हणून तिच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. तिचं नाव सांगितलं. ही बाई तुमच्याच गावची का? "व्हय की," पाटील म्हणाले. एकटी राहते? "एकटीच. मालक वारलं, पोरं दोगं, दोगंबी बाहेरगावी." तिच्या घरात तान्हं मूल आहे का? "तान्हं? न्हाय बा. तिच्या नातवंडास्नी मिशा फुटल्यात आता." मी आभार मानून फोन ठेवला. टेबलावर हात आपटून अंमलदाराला म्हणालो, "बघा! लिहा जबाब."

आमच्याकडं जबाब लिहायची एक ठरलेली भाषा असते. 'मी समक्ष विचारल्यावरून लिहून देते की' अशी सुरुवात. त्यापुढं मी स्वतः सांगितलं, "सदर मूल माझे नाही. सदर मूल मी एका स्त्रीकडून विकत घेतले आहे." अंमलदारानं ते लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. स्टॅम्पपॅड पुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

"पयलं वाक्य काडा."

"का?"

"पोर माजं न्हाय, आसं म्या म्हननार न्हाय."

"अगं बाई, तूच म्हणालीस ना विकत घेतलंय?"

"व्हय. इकत घेतलं म्हनून माजं. त्ये लिवा. चोरलं म्हनून लिवायचं तर तसं बी लिवा. पर माजं न्हाय म्हनून म्या आंगटा देनार न्हाय."

मी ओरडलो. मग आणखी ओरडलो. तुरुंगात सडशील, म्हणालो. "जाते की," ती म्हणाली. माझ्या आवाजानं बाळ दचकून रडायला लागलं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वरडायचं त्ये मला वरडा. ह्येच्या कानाजवळ नगा."

नव्या पोरांना शिकवताना मी नेहमी सांगायचो की, एकच प्रश्न सात वेळा विचारा. खोटं बोलणारा सातव्या वेळेपर्यंत थकतो. तिला मी सात वेळा विचारलं. ती थकली नाही, मीच थकलो. खोटं बोलणाऱ्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, हेही मला नोकरीनं शिकवलं होतं. हिच्याकडं तर निम्म्या प्रश्नांना उत्तरच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला त्या वेळी ते लक्षात घ्यायचं नव्हतं, असं आज वाटतं.

आणखी एक चूक कबूल करतो. तिचं तिकीट फुटलेल्या मोबाईलमध्ये होतं. आरक्षणाचा तक्ता मागवला असता, तर कुणी तिकीट काढलं ते अर्ध्या तासात कळलं असतं. मी मागवलाच नाही. लुगडं बघून मी ठरवून टाकलं की, ही जनरलमधली बाई चुकून आरक्षणाच्या डब्यात शिरली.

बालकल्याण समितीला फोन झाला. बाळाला शिशुगृहात ठेवायचं ठरलं. दोन वाजता तिथली गाडी येणार होती. तोवर कागद तयार करायचे, गुन्हा दाखल करायचा, तपासाला एक माणूस मंगळवेढ्याला आणि एक पुण्याला पाठवायचा. व्हरांड्यात दोन वार्ताहर येऊन बसले होते. मी आत-बाहेर करत होतो. एक क्षण स्वस्थ बसवत नव्हतं. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या आणि भोंग्यावरच्या घोषणा कानात घुसत होत्या. कूलरची ती घरघर बंद करा म्हणून मी शिपायावर उगाच खेकसलो.

शिशुगृहाच्या गाडीचं तिच्या कानावर गेलं, तेव्हा मात्र ती पहिल्यांदा उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"सायेब, मला न्या. कुटं बी डांबा. पर पोराला दुसऱ्याच्या उंबऱ्याआत नगा निऊ. एवढं आयका. माज्या हातातनं दुसऱ्या कुनाच्या घरात ग्येलं तर... तर लई वाईट हुईल वो."

"काय वाईट होईल?"

ती तोंडावर पदर धरून नुसती मान हलवत राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, आता मोडली, आता बोलेल. पण ती खाली बसली आणि बाळाला असं पोटाशी घेतलं की, ओढून काढायला दोन माणसं लागली असती.

तेवढ्यात हवालदारबाईंनी मला खुणावलं. "सर, जरा बाहेर येता?"

व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, त्यांनी मूठ उघडली. चिंधीची बोटभर पुरचुंडी होती, काळ्या दोऱ्यानं बांधलेली.

"बाळाच्या कमरंच्या करदोट्याला होती. लंगोट बदलताना दिसली. मी सोडून बघितली सर, परत बांधते."

आत चिमूटभर भुसा होता. मी वास घेतला. धान्याचा.

"काय आहे हे?"

"कोंडा, सर. जोंधळ्याचा." मग जरा थांबून म्हणाल्या, "सर, हे पोर पळवलेलं न्हाय. हे इकत घेतलेलं हाय."

"तेच तर ती सकाळपासून बोंबलतेय! आणि तोच तर गुन्हा आहे!"

"तसं न्हाय सर. तुम्ही शहरातले. आमच्याकडं ज्या बाईची मुलं जगत न्हाईत, ती पुढचं मूल जन्मलं की दुसऱ्या बाईला इकते. जिची सगळी मुलं जगलीत, अशा बाईला. सूपभर कोंडा घेऊन. म्हणजे मग ते मूल तिचं राहत न्हाय, या बाईचं होतं. मुलाचं नाक टोचतात, मुलीचे कपडे घालतात. वाईटाची नजर चुकवायला. नंतर आईनं तोच कोंडा देऊन मूल परत घ्यायचं, आपल्या घराच्या उंबऱ्यात. तोवर हिनं मूल दुसऱ्याचं म्हणायचं नसतं. एकदा जरी म्हटलं तरी..." त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधायला घेतली.

"हे सगळं तुम्हाला आत्ता आठवलं?"

"नाकाची चमकी बघून मनात आलं होतं, सर. भोक जुनं हाय, भरलेलं. काल-परवा सोंग द्यायला टोचलेलं न्हाय. आणि पळवलेलं पोर आसं खांद्यावर टाकल्या टाकल्या झोपतं का? पण तुम्ही तापला होता."

मी तापलो होतो म्हणून एक हुशार पोलीस गप्प बसली. हे ऐकून माझे कान गरम झाले.

तरी पुरता विश्वास बसेना. कोर्टात काय चिमूटभर कोंडा ठेवू? मी परत पोलीस पाटलांना फोन लावला. या वेळी प्रश्न बदलला. "तुमच्या गावची ही बाई आज सकाळी एक तान्हं पोर घेऊन निघाली. ते पोर कुणाचं?"

"आवं, तसं इचारा की मगाशीच!" पाटील म्हणाले. "त्ये अमक्याच्या थोरल्याचं पोर. पुन्यात कामाला हाईत दोगं नवरा-बायको. दोन लेकरं ग्येली त्येंची. ह्ये तिसरं हितं गावाकडं झालं, पाचवीला म्हातारीनं इकत घेतलं की. समदा गाव व्हता. आज पोचवायला निगाली ती. घरचं कुनी संगं जायचं नसतंय वाटंत, हात बी लावायचा नसतोय, म्हनून एकलीच. का वो, काय झालं?"

"मग मगाशी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं तिच्या घरात तान्हं हाय का. तिच्या घरात कुटं हाय? आईपाशी व्हतं त्ये, सासरच्या घरात. आई चार दिसामागं पुन्याला नोकरीवर रुजू झाली, तवापासनं आज्ज्याच्या घरी म्हातारी यिऊन सांबाळतीया."

बाळाच्या वडिलांचा नंबर पाटलांनीच दिला. मी लावला. अर्धी रिंगही झाली नसेल, एका बाईनं उचलला. ती आई होती. म्हातारीचा फोन सकाळपासून लागत नाही म्हणून दोघं वेडेपिसे झाले होते. मी कोण ते सांगितलं. पहिला प्रश्न आला, "बाळ कसं आहे?" बाळ ठीक आहे, झोपलंय, असं मी म्हणालो.  मग तिनं दुसरा प्रश्न विचारला आणि तो मी कधीच विसरणार नाही.

"सर, आजींच्या तोंडून तुम्ही काही वदवून घेतलंत का?"

"काय?"

"बाळ त्यांचं नाही, असं. म्हणाल्या का त्या तसं?"

मी समोरच्या कागदाकडं बघितलं. पहिलं वाक्य माझ्याच तोंडचं. खाली अंगठ्याची जागा कोरी.

"नाही," मी म्हणालो. "खूप विचारलं, पण म्हणाल्या नाहीत."

ती रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "सर, तुम्हाला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. मी शिकलेली आहे, संगणकावर काम करते. ऑफिसात कुणाला हे सांगितलंसुद्धा नाही. पण माझी दोन गेलीत, सर. दोन. मला आता कशाचीच परीक्षा घ्यायची नाही."

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. वडिलांनी जन्मदाखला, ओळखपत्रं, बाळाचे फोटो मोबाईलवर पाठवले. पाटलांचा जबाब मंगळवेढ्याच्या ठाण्यामार्फत आला. गुन्हा दाखल झाला नव्हता, हे नशीब. शिशुगृहाची गाडी दारात येऊन उभी होती, ती परत पाठवली. वार्ताहरांना हाकललं. आई-वडील गाडी करून सोलापूरला यायला तयार होते, पण आई म्हणाली, "आम्ही येऊ, पण मी तिथं बाळाला हात नाही लावणार. घराच्या उंबऱ्यातच घेईन." समितीच्या बाई समंजस होत्या. तुमच्या समक्ष पालकांच्या हाती द्या, उद्या पुण्याच्या समितीपुढं दोघांना कागदपत्रं घेऊन हजर राहायला सांगा, असं त्या म्हणाल्या. मला दुसऱ्या दिवशी पुण्यात बैठक होतीच. वरिष्ठांना कळवलं आणि दुपारच्या गाडीनं म्हातारी, बाळ, हवालदारबाई आणि मी असे निघालो. निघताना तो जबाबाचा कागद मी फाडायला घेतला, पण का कोण जाणे, घडी घालून पिशवीत टाकला.

गाडीत मी तिच्यासमोर बसलो. मोहोळ गेलं, माढा गेलं, कुर्डुवाडीला चहा झाला. दोन्ही बाजूंना काढणी झालेल्या जोंधळ्याची रानं, कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. माझं मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी धीर करून म्हणालो, "आजी, चुकलं माझं."

"चुकलं की," ती म्हणाली. "लई वरडला. पोरगं दचाकलं."

हवालदारबाई खिडकीबाहेर बघून हसल्या. मीही हसलो. मग विचारलं, "आजी, तुम्हाला खरंच वाटतं का हो, तुम्ही एक वाक्य बोललात म्हणजे याला काही होईल?"

ती बाळाच्या पायातलं पैंजण फिरवत राहिली.

"मला काय ठावं? म्या काय द्येव हाय? दोन ग्येली ती म्या बघितल्यात, सायेब. शेवटची आंगूळ म्याच घातली व्हती दोगास्नी. हाताएवढी व्हती." तिनं हात पसरून दाखवला. "आता तिसऱ्यावर कशापाय जुगार खेळायचा? न बोलून माजं काय जातंय?"

तिचं काय जात होतं, ते मला ठाऊक होतं. ती तुरुंगात जात होती.  दौंडच्या अलीकडं भीमेच्या पुलावर तिनं बाळाच्या डोक्यावरून चिमूटभर जोंधळे उतरवून खिडकीतून नदीत टाकले आणि मग थोडी सैल बसली.

पुण्याला वडील फलाटावर उभे होते. बाळ दिसल्यावर दोन पावलं धावले आणि थांबले. हात पाठीमागं बांधून घेतले. सबंध रस्ताभर ते गाडीत पुढं चालकाशेजारी बसले आणि आरशातून मागं बघत राहिले. इमारत खरोखरच मोठी होती. सात-आठ तशाच इमारती एकीला एक चिकटून, खाली गाड्यांची रीघ, सामान पोचवणाऱ्यांची ये-जा, लिफ्टपुढं रांग. फाटकावरच्या रखवालदारानं मोबाईलवर नोंद करायला घेतली. "कुणाकडं? मूल कुणाचं?" वडील शेजारी उभे, तरी तोंडातून शब्द काढेनात. म्हातारी ठणकावून म्हणाली, "माजं हाय." रखवालदार तिच्याकडं आणि बाळाकडं बघत राहिला. मी ओळखपत्र दाखवलं आणि आम्ही आत गेलो.

लिफ्ट वर जाताना ती डोळे मिटून भिंतीला टेकली. "जीव खालीच ऱ्हायला बगा," म्हणाली. अकराव्या मजल्यावर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, आतून टीव्हीचे आवाज. एकच दार उघडं होतं. अशा घरांना लाकडी उंबरा नसतोच, संगमरवराची एक पट्टी असते. त्या पट्टीवर रांगोळी काढली होती. आत ती पोरगी उभी होती, तिशीची, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. एका हातात कुंकवाचं ताट आणि दुसऱ्या हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. डब्याच्या बाहेरून पाणी धरलं होतं. सात महिने तिनं तो कोंडा आधी गावच्या आणि मग इथल्या फ्रिजमध्ये ठेवला होता, कीड लागू नये म्हणून.

बाळानं आईला ओळखलं आणि तिच्याकडं हात पसरले. ती हलली नाही. डबा तिनं छातीशी घट्ट धरला. पण ती पट्टीच्या अलीकडं आली नाही.

"पोर इकायचं हाय," म्हातारी बाहेरून म्हणाली. "घ्येनार का कुनी?"

"घेते."

"काय द्येशील?"

"कोंडा."

"किती?"

"तुमी दिला तेवढा. सगळाच्या सगळा."

म्हातारीनं पदर पसरला. पोरीनं डबा उपडा केला. गार कोंडा पदरात पडला आणि थोडा रांगोळीवर सांडला. मग म्हातारीनं बाळाला पट्टीवरून पलीकडं दिलं आणि दिवसभरात मी सात वेळा मागितलेलं वाक्य तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

"घे. तुजं हाय. माजं न्हाय."

पोरगी बाळाला घेऊन तिथंच फरशीवर बसली. वडील बुटांसकट आत धावले. शेजारची दोन दारं किलकिली झाली होती, ती पुन्हा लागली. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. तापट माणसाच्या डोळ्यात पाणी आलं की, फार पंचाईत होते.

पाठीवर थाप पडली. म्हातारी होती.

"सायेब, कुटाय तुमचा त्यो कागुद?"

"कशाला आजी? राहू दे आता."

"काडा की! तुमास्नी पायजे व्हता न्हवं सकाळपसनं? आता देते आंगटा. आता म्हनायला हरकत न्हाय."

मी म्हणालो, स्टॅम्पपॅड सोलापुरातच राहिलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला. मी पिशवीतून कागद काढला, भिंतीला लावून धरला. माझ्या शब्दांखाली, 'सदर मूल माझे नाही' या ओळीच्या खाली, तिनं नीट जपून अंगठा उमटवला. मग पदरातल्या कोंड्यासकट आत जाऊन चहाचं बघायला लागली.

या केसनंतर मी प्रश्न सात वेळा विचारायचं सोडलं. जबाब लिहून झाला आणि समोरचा माणूस अडला, की मी पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, "यातलं कुठलं वाक्य म्हणायला तुमची अडचण आहे?" या एका प्रश्नानं मला पुढं दोन-तीन निरपराध माणसं ओळखता आली, आणि एक अपराधीही. हवालदारबाईंना मी बजावून ठेवलं होतं की, मी तापलो असलो तरी मध्येच येऊन बोलायचं. त्या बोलायच्या. एकदोनदा मी त्यांच्यावर ओरडलोसुद्धा, पण ऐकायचो.

तो कागद कुठल्याच फायलीला लावता येण्यासारखा नव्हता. माझ्या कपाटात आहे. कुंकू आता फिकं पडलंय. मध्ये एकदा कपाट आवरताना बायकोनं उघडून पाहिला आणि विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "जबाब आहे. माझ्या सगळ्या नोकरीत, मागायचं सोडल्यावर मिळालेला एकच."